भुकेचा हिशेब झाला, भरल्या पोटाचा कधी?

भीमजयंतीच्या आरोग्य शिबिरात हमखास ऐकू येणारे एक वाक्य आहे. "डॉक्टरसाहेब, मी तर काहीच खात नाही हो!" बोटातून रक्ताचा थेंब काढलेला असतो, यंत्रावरचा साखरेचा आकडा अडीचशेच्या पुढे गेलेला असतो आणि समोरची पंचेचाळीस-पन्नाशीची बाई मनापासून सांगत असते की मी काहीच खात नाही. ती खोटे बोलत नसते. सकाळी चहाबरोबर दोन बटर, मुलांच्या डब्यासाठी लाटताना तोंडात टाकलेली अर्धी पोळी, दुपारी नातवाच्या ताटात उरलेला भात, चार वाजता पुन्हा चहा आणि खारी, रात्री सगळ्यांची जेवणे झाल्यावर पातेल्याच्या तळाशी राहिलेली भाजी. यातले काहीच तिच्या लेखी खाणे नसते. खाणे म्हणजे मांडी घालून पोटभर जेवणे, आणि तशी ती दिवसभरात एकदाही बसलेली नसते!

गरजेपेक्षा जास्त खाणारा माणूस बहुधा अधाशी नसतो, त्याला पत्ताच नसतो. १९९२ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी हे मोजून दाखवले. "आम्ही कमी खातो, तरी वजन उतरत नाही" असे सांगणाऱ्या लठ्ठ माणसांचे खाणे त्यांनी शास्त्रीय पद्धतीने तपासले. ही माणसे जेवढे खात होती, त्याच्या जवळपास निम्मेच सांगत होती. आणि जेवढे श्रम करत होती, त्याच्या दीडपट सांगत होती. शिकलेल्या अमेरिकेची ही कथा! मग आपल्या वस्तीतल्या मावशीला दोष कसा देणार?

काही वाचक म्हणतील, ज्या समाजाच्या पिढ्यान्पिढ्या उपासमारीत गेल्या त्याला जास्त खाण्याबद्दल काय सांगता? हे तर बंगल्यात राहणाऱ्यांचे चोचले! असे समजण्यातच आज मोठा धोका आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ साली देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत जादा वजनाच्या स्त्रिया १२.६ टक्के होत्या. २०१९-२१ च्या पाहणीत त्या २४ टक्के झाल्या. पुरुष ९.३ टक्क्यांवरून २२.९ टक्क्यांवर गेले. आणि त्याच पाहणीत पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होते. म्हणजे एकाच चाळीत, कधी कधी एकाच घरात, पोर खुरटलेले आणि आई सुटलेली! भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशात १०.१ कोटी मधुमेही आणि आणखी १३.६ कोटी उंबरठ्यावर असल्याचे सांगितले. मधुमेह हा श्रीमंतांचा रोग राहिलेला नाही. श्रीमंताला तो झाला तर त्याच्याकडे डॉक्टर आहे, विमा आहे. आपल्याकडे झाला तर आधी पायाची जखम चिघळते, मग बोट जाते, मग नोकरी जाते आणि शेवटी घर सावकाराकडे जाते.

उष्मांक म्हणजेच कॅलरी हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. तो आपल्याकडे भुकेच्या बाजूने आला. १८७६-७७ च्या दुष्काळात ब्रिटिश सरकारने खडी फोडणाऱ्या माणसाला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्याची मजुरी ठरवली आणि त्यावर एक आणा. माणूस किती कमी अन्नावर राबू शकतो, याचे ते मोजमाप होते. त्याच १८७७ साली जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम उघडून त्यांच्या पोटात अन्न घातले. पुढे स्वतंत्र भारतात नियोजन आयोगाने १९७९ साली दारिद्र्यरेषा आखली तीही उष्मांकांवर. खेड्यात दिवसाला २४०० आणि शहरात २१००. एवढे ज्याला विकत घेता येत नाही तो गरीब! म्हणजे सरकारने आमचे उष्मांक मोजले ते कमी पडतात का हे पाहायला. जास्त होतात का, हे कोणी मोजले नाही. आम्हीही मोजले नाही.

जादा होण्याचे पहिले कारण कामात दडलेले आहे. वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार अंगमेहनतीचे जड काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे ३४७० उष्मांक लागतात, बसून काम करणाऱ्याला २११०. जड काम करणाऱ्या स्त्रीला २७२०, बैठे काम करणाऱ्या स्त्रीला १६६०. हे आकडे म्हणजे आपल्या तीन पिढ्यांचा इतिहास आहे. आजोबा गिरणीत, गोदीत, रेल्वेच्या खडीवर राबले. आजी शेतात वाकली, डोक्यावरून पाणी वाहिले, जात्यावर दळले. बाबासाहेबांच्या 'शिका' या आदेशाने नातू कार्यालयातल्या खुर्चीवर बसला. ही आपल्या चळवळीची सर्वांत मोठी कमाई आहे, तिचा अभिमानच हवा. पण नातवाच्या ताटात भाकरी आजोबांच्या मापाने पडते. खुर्चीवर बसलेल्या नातवाची गरज आजोबांपेक्षा तेराशेहून जास्त उष्मांकांनी कमी झाली आणि ताटाला ते कोणी कळवले नाही!

ज्यांच्या अंगात आजही ते श्रम आहेत त्यांना हा लेख लागू नाही, हेही स्पष्ट सांगतो. ऊसतोडीचा कोयता चालवणारी बाई, नाक्यावर उभा राहणारा मजूर, झाडूखात्यातला कामगार यांना आजही भरपूर आणि सकस अन्न हवे आहे आणि ते मिळत नाही. त्यांना कमी खा म्हणणे हा गुन्हा ठरेल. प्रश्न आहे तो ज्यांचे श्रम सुटले आणि श्रमाचे माप सुटले नाही त्यांचा.

दुसरे कारण आठवणीत आहे. ज्या घराने येसकरपाळीची भाकरी पाहिली, दारोदार फिरून शिळेपाके गोळा केलेले पाहिले, त्या घरात अन्न टाकले जात नाही. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचे मांस आणि उष्टे-शिळे सोडायला सांगितले आणि आमच्या वाडवडिलांनी ते सोडले. उपाशी राहू, पण लाचारीचे खाणार नाही, हा तो बाणा होता. १९७२ च्या दुष्काळात सुकडी आणि लाल मिलो खाऊन जगलेली पिढी अजून आपल्यात आहे. तिच्यासाठी भरलेले पातेले म्हणजे सुरक्षितता. पाहुण्याला आग्रह केला नाही तर तिला अपमान वाटतो, गुटगुटीत नातू म्हणजे तिला घराची बरकत वाटते आणि ताटात उरलेला घास टाकणे तिला पाप वाटते. म्हणून तो घास ती स्वतःच्या पोटात टाकते. त्या माउलीला हसू नका. पण तिला एवढे जरूर सांगा की उरलेला भात गरज नसताना पोटात गेला तरी तो वायाच जातो. वर औषधाचा खर्च करायला लावतो तो वेगळाच! खरा उपाय उरलेले संपवण्यात नाही, मापाने रांधण्यात आहे.

तिसरे कारण तेल आणि साखर. तेलाच्या एका ग्रॅमला नऊ उष्मांक, पिठाच्या आणि साखरेच्या एका ग्रॅमला चार. तेल भाजीत मिसळले की दिसत नाही, पोटात जागा घेत नाही, पण सगळ्यात जास्त भर तेच घालते. घरातच हिशेब करून पाहा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल होते. म्हणजे ३४० उष्मांक नुसत्या फोडणीतून! राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दोन हजार उष्मांकांच्या रोजच्या आहाराला २७ ग्रॅम तेल सांगितले आहे. फरक अकरा ग्रॅमचा, म्हणजे शंभर उष्मांकांचा. रोज शंभर म्हणजे वर्षाला साडेछत्तीस हजार, कागदावर साडेचार किलो चरबी. शरीर थोडे जुळवून घेते म्हणून प्रत्यक्षात भर कमी पडते, पण दिशा तीच राहते. आणि यात नाक्यावरचा वडापाव, भजी, फरसाण धरलेलेच नाही. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशात माणशी वर्षाला १९.७ किलो खाद्यतेल लागते, म्हणजे दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम!

साखरेची गोष्ट तर आपल्या चळवळीच्या कार्यालयातलीच आहे. बैठक म्हटली की चहा. मोर्चाचे नियोजन, चहा. पोलीस ठाण्यात निवेदन देऊन आले, चहा. एका कपात दोन चमचे साखर म्हणजे दहा ग्रॅम. पाच कपांत पन्नास ग्रॅम, दोनशे उष्मांक. जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते की वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा. आपला कार्यकर्ता दुपारपर्यंतच त्या मर्यादेबाहेर गेलेला असतो! वर दिवसभर जेवणाचा पत्ता नसतो, रात्री अकराला सभा संपते आणि मग भरपेट जेवून तो लगेच झोपतो. पन्नाशीच्या आत हृदयविकाराने गेलेल्या कार्यकर्त्यांच्या किती शोकसभा आपण घेतल्या? प्रत्येक वेळी म्हणालो, चळवळीची न भरून येणारी हानी झाली. ती थोडी तरी टाळता आली असती का, हे एकदा तरी विचारले का?

आता शरीराची बाजू पाहू. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळे जन्मताना सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली बाळे साडेतीन किलोची. आपली बाळे लहान, त्यांचे स्नायू कमी, पण त्या मानाने चरबी टिकून राहिलेली. म्हणजे दिसायला बारीक, आतून स्थूल! २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक यांनी स्वतःचे आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. पोटात असताना अन्न कमी पडलेले शरीर पुढे जादा अन्न सहन करू शकत नाही, असे या शास्त्राचे म्हणणे आहे. हा अभ्यास जातीचा नव्हता. पण ज्या समाजाच्या माता शतकानुशतके सर्वांच्या शेवटी आणि सर्वांत कमी जेवल्या, त्याने यातून आपला धडा घ्यायला नको का? व्यवस्थेने लादलेली उपासमार संपली असे आपण म्हणतो. पण तिची नोंद लेकरांच्या शरीरात राहते आणि म्हणूनच दुसऱ्याला पचणारे जादाचे शंभर उष्मांक आपल्याला महाग पडू शकतात.

मग सगळा दोष आपल्याच जिभेचा का? मुळीच नाही. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी वीस माणसांना चार आठवडे संस्थेत ठेवले. दोन आठवडे कारखान्यात बनलेले पाकीटबंद अन्न, दोन आठवडे साधे घरगुती पद्धतीचे अन्न. दोन्ही वेळा हवे तेवढे खाण्याची मुभा. पाकीटबंद अन्नावर हीच माणसे रोज सुमारे पाचशे उष्मांक जास्त खाऊ लागली आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन जवळजवळ एक किलोने वाढले. कोणी त्यांना आग्रह केला नव्हता! ज्या अन्नात पाकीट कधी संपले हे कळतच नाही, ते अन्न आज आपल्या वस्तीतल्या प्रत्येक टपरीवर पाच-दहा रुपयांच्या पाकिटांत लटकते. शंभर ग्रॅम गोड बिस्किटांत साडेचारशेच्या आसपास उष्मांक असतात. वस्तीत ताजी फळे विकणारी गाडी शोधावी लागते, ही पाकिटे मात्र दाराशी येतात.

सरकारचे काय? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला पाच किलो धान्य दिले, ते हक्काचे आहे आणि त्यावर कोणी हात टाकला तर रस्त्यावर उतरावेच लागेल. पण गहू-तांदळाने पोट भरते, स्नायू भरत नाहीत. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय परिषदेच्याच अभ्यासानुसार भारतीय माणूस ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून आणि साखरेतून घेतो. प्रथिने कमी पडतात. आणि प्रथिने आणायची कुठून? २०१५ साली या राज्याने बैलाच्या कत्तलीवरही बंदी घालून गरिबाच्या ताटातले स्वस्त मांस काढून घेतले. २०२३ साली शालेय पोषण आहारात अंडे आले, २०२५ च्या जानेवारीत शासनाने त्याचा निधी बंद केला. एका अंड्यात जेमतेम सत्तर-पंचाहत्तर उष्मांक आणि सहा ग्रॅम उत्तम प्रथिने. ते मुलाच्या ताटातून काढायचे आणि मोठेपणी त्याला लठ्ठपणा कमी करा असा उपदेश करायचा, हा कुठला न्याय? २०२५ साली केंद्रीय आरोग्य खात्याने समोसा-जिलेबीतले तेल आणि साखर सांगणारे फलक सरकारी कार्यालयांत लावायला सुचवले. चांगले आहे. पण पाकिटावर काय? चिली देशाने २०१६ पासून जादा साखर, मीठ, चरबी आणि उष्मांक असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले. निरक्षर आईलाही ते कळतात. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ साली इशाऱ्याऐवजी चांदण्यांचा मसुदा काढला आणि २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाला त्याची विचारणा करावी लागली. चांदण्या कोणाच्या हिताच्या, हे सांगायला नको! खाणाऱ्याला आपण काय खातो हे कळणे हा त्याचा हक्क आहे. तो हक्क आपल्या मागण्यांच्या यादीत आजवर नव्हता, आता यायला हवा.

तथागतांनी हा विषय अडीच हजार वर्षांपूर्वी हाताळला आहे. संयुत्त निकायात कोसल नरेश प्रसेनजिताची कथा येते. राजा द्रोणभर तांदळाचा भात जेवायचा. एकदा तसाच जेवून, धापा टाकत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपास सांगितला नाही की शिक्षा दिली नाही. जो सावध राहून, मिळालेल्या अन्नाचे प्रमाण ओळखून जेवतो त्याचे त्रास कमी होतात आणि आयुष्य जपले जाते, अशा आशयाची एक गाथा ऐकवली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला सांगितली आणि आपण जेवायला बसलो की रोज म्हण, असे ठरवून दिले. हळूहळू त्याचा आहार नाळीभर तांदळावर आला आणि शरीर हलके झाले. राजाच्या जेवणाकडे पाहायला दुसरा माणूस लागला, हे यातले मर्म आहे. न कळत होणारी चूक दुसऱ्या कोणी दाखवल्याशिवाय कळत नाही!

बुद्धपौर्णिमेला आपण सुजातेच्या खिरीची आठवण करतो आणि खीरदान करतो. पण ती खीर उरुवेलेत हाडांचा सापळा झालेल्या सिद्धार्थासाठी होती. उपाशी शरीराला खीर हवी होती, भरल्या शरीराला माप हवे होते. राजवाडा आणि उपासमार, दोन्ही टोके सोडणारा मध्यम मार्ग ताटालाही लागू आहे.

म्हणून वस्तीवस्तीतल्या विहारांना आणि महिला मंडळांना आमचे सांगणे आहे. विहारात एक साधी मोजपट्टी ठेवा. कमरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की तो धोक्याचा इशारा समजा. वर्षावासाच्या पौर्णिमेला वंदना झाली की एकमेकांचे घेर मोजा, वहीत लिहा. साखर तपासायची शिबिरे जयंतीपुरती नकोत, वर्षातून तीन-चार वेळा घ्या. घरात तेलाचा डबा उघडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा, किती दिवस पुरला ते कळेल. बैठकीतला चहा बिनसाखरेचा मागणाऱ्याची चेष्टा करू नका. जयंतीच्या भोजनदानात बुंदीऐवजी मोडाची उसळ, चणे, अंडी ठेवून पाहा. ताटात भात आणि पोळी थोडी कमी, डाळ, भाजी, मासळी, अंडे जास्त. आणि महिन्यात वजन उतरवण्याच्या हमीवर महागड्या भुकट्या विकायला वस्तीत येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा. हिशेबाला भुकटी लागत नाही, वही लागते.

बाबासाहेबांना मधुमेहाने ग्रासले होते. अखेरच्या वर्षांत पायांच्या वेदनांनी त्यांना आधाराशिवाय चालणे कठीण झाले होते. त्या देहावर आपल्या उद्धाराचे ओझे होते, स्वतःकडे पाहायला त्यांना वेळ नव्हता. ते पासष्टाव्या वर्षी गेले आणि त्यांच्या हातून व्हायचे कितीतरी काम तसेच राहिले. त्या रोगाने आपल्यातून काय नेले, हे ज्या समाजाला माहीत आहे त्याने तोच रोग आपल्या घरात न कळत वाढू द्यावा का? भुकेचा हिशेब आपण सरकारकडे मागितला, तो मागत राहूच. पण भरल्या पोटाचा हिशेब आपल्यालाच ठेवावा लागेल. आज रात्रीच्या जेवणापासून सुरुवात करू या.

जयभीम!